घटावरची ट्यूबलाइट

संशय घेण्यासाठी मला पगार मिळतो. मुलुंडमधल्या एका औषधांच्या कारखान्यात मी तपासणी विभागात आहे. गोळीचा रंग, कडा, बारीकशी चीर, सगळं पांढऱ्या ट्यूबलाइटखाली बघायचं आणि नापसंत असेल ते बाजूला काढायचं. इतकी वर्षं हेच केल्यावर माणूस घरी येऊन काही वेगळा होत नाही. भाजीवालीचा काटा, दुधाची पिशवी, सोसायटीची नोटीस, सगळ्यावर माझी तीच नजर पडते. माझा मोठा भाऊ, दादा, म्हणतो, "तुला देव जरी भेटला ना, तरी तू त्याचं आधार कार्ड मागशील." मागीनच. त्यात काय चुकलं?

लग्न केलं नाही. तिथंही बहुधा तपासणी जरा जास्तच झाली. तळमजल्यावरचं छोटं घर मात्र स्वतःचं आहे, आणि घेतलं तेव्हा त्यात ऊन यायचं. सकाळचं ऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून थेट ओट्यावर पडायचं. मग समोरची बसकी इमारत पाडून तिथं टॉवर उभा राहिला. टॉवरवाल्यांच्या गाड्या खालच्या चार-पाच मजल्यांवर लागतात, म्हणून ते मजले म्हणजे नुसती भिंत. माझ्या खिडकीतून आता ती भिंत दिसते. दुपारी बारा वाजताही दिवा लावल्याशिवाय तांदळातले खडे दिसत नाहीत. कढीपत्ता गेला, पुदिना गेला, आणि मनीप्लांट, जो म्हणे कुठेही जगतो, तोही गेला.

अशा या घरात आई आली. गुडघ्याचं ऑपरेशन माझ्या घराजवळच्या हॉस्पिटलात झालं, म्हणून थोडे दिवस माझ्याकडे, असं ठरलं होतं. आई खरी राहायची दादाकडे, बोरिवलीला. थोडे दिवस संपले. गुडघा बरा झाला. आई जायचं नाव काढीना आणि मीही काढीना. संध्याकाळी कामावरून आले की घरात दिवा लागलेला असायचा, कुकरचा वास यायचा आणि माझ्या ब्लाउजचं तुटलेलं हूक कोणीतरी शिवून ठेवलेलं असायचं. मला ते फार आवडत होतं. एवढं आवडत होतं की त्याचाच संशय यायला लागला. ही खरंच राहतेय, की नुसती थांबलीय?

तिला विचारायचं ना सरळ, असं कोणी म्हणेल. आमच्या घरात असं विचारत नाहीत. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडल्याचं त्यांनी घरात कित्येक दिवस सांगितलं नव्हतं, आणि आईला कळलं होतं तरी तिनं विचारलं नव्हतं. डबा रोज भरून देत होती. अशा आईबापांची मी मुलगी.

नवरात्र जवळ आलं तेव्हा प्रश्न उभा राहिला. आमच्या देवीचा घट आई बसवते. आधी गावी बसवायची, मग चाळीत, मग दादाच्या घरी. यंदा दादाची बिल्डिंग पुनर्विकासाला गेली होती आणि तो बायकामुलांसकट भाड्याच्या घरात होता. एका रविवारी तो माझ्याकडे आला आणि चहाचा कप हातात धरूनच म्हणाला, "आई, घटाला तिकडेच चल. घर लहान आहे, पण बसवू कुठंतरी."

"भाड्याच्या घरात घट बसवचो नाय," आई म्हणाली. "घरमालकान मधीच ऊठ म्हटल्यान, तर घट उचलून नेतलस?"

बसलेला घट दसऱ्यापर्यंत जागचा हलवत नाहीत, हे दादालाही ठाऊक होतं. त्यानं चहाचा घोट घेतला. मग म्हणाला, "अगं, पण लेकीच्या घरी देवी बसवतात का? लोक काय म्हणतील? मी अजून जिवंत आहे ना."

आईनं साडीचा पदर सारखा केला. "देवीच ठरवतली," ती म्हणाली. "रुजवण बरी इली, तर देवीक ह्या घर मानवला. मगे मी हयच रवतलंय. नाय इली, तर दसऱ्याक तुज्यावांगडा येतंय."

रुजवण म्हणजे घटाभोवतीच्या मातीत पेरलेल्या धान्याचे अंकुर. ते वीतभर उंच आले की आमच्याकडे देवी प्रसन्न आहे असं धरतात, खुरटे राहिले की बायका एकमेकींकडे बघतात. आई कायमची राहणार की जाणार, हे आता मूठभर गव्हा-तांदळावर ठरणार होतं. दादा खूश दिसला. माझ्या अंधाऱ्या स्वयंपाकघराकडे त्यानं एकदा मान वळवून बघितलं, ते मी बघितलं.

मला त्या रात्री एकच गोष्ट डाचत राहिली. आईनं हे देवीवर का ढकललं? या घरात काही उगवत नाही हे तिला माहीत होतं. कढीपत्त्याची कुंडी तिनंच बाहेर नेऊन ठेवली होती. मग जिथं पुदिनासुद्धा जगत नाही, तिथं रुजवण येईल का, ही अट तिनं का घातली? कुठंतरी पाणी मुरत होतं. तिला जायचं असेल, आणि मला दुखवायचं नसेल, तर यापेक्षा सोयीचा मार्ग कुठला? देवीनंच नको म्हटलं, मी काय करू!

ठीक आहे, म्हटलं. मग रुजवण आणून दाखवते.

आधी प्रयोग केला. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात धणे पेरले आणि ओट्यावरच्या नेहमीच्या बल्बखाली ठेवले. कोथिंबीर उगवली, पण उगवली ती लांबच लांब, दोऱ्यासारखी, आणि मग बल्बकडे तोंड करून आडवी झाली. उजेड कमी पडला की रोप असं लांबतं, हे मी मोबाइलवर वाचलं. लांबलेलं रोप म्हणजे उपाशी रोप. हे वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

मग दिव्याची खरेदी. स्टेशनजवळच्या पहिल्या दुकानात गेले तर तिथला माणूस ट्यूबलाइट म्हटल्यावर हसला. "ट्यूब आता कोण घेतं मॅडम? हा बघा, खास झाडांचा लाइट." त्यानं एक एलईडी पट्टी लावली. दुकानभर जांभळा उजेड पडला. त्या उजेडात तो स्वतः आजारी दिसायला लागला. "याच्याखाली काहीही उगवतं," तो म्हणाला.

काहीही उगवतं असं जो म्हणतो, त्याच्याकडून मी काहीही घेत नाही. आणि दुसरं म्हणजे त्या जांभळ्या उजेडात काउंटरवरच्या वायरी हिरव्या की काळ्या तेच कळेना. ज्या उजेडात पान हिरवं आहे की पिवळं हे दिसत नाही, तो उजेड काहीतरी झाकतोय, असं माझं मत झालं. आमच्या कारखान्यात तसल्या उजेडात एक गोळीसुद्धा पास झाली नसती. एलईडी पांढरेही मिळतात, हे मला माहीत आहे. चांगले असतात म्हणे. पण ज्या ट्यूबखाली मी आयुष्य काढलं, तिच्यावर माझा जरा कमी संशय आहे, एवढंच.

दुसरं दुकान जुनं होतं, आतल्या बाजूला अंधार आणि धूळ. मालकानं माळ्यावरून दोन-दोन फुटी ट्यूब काढल्या. मी त्यांची टोकं बघितली. ट्यूब वापरून जुनी झाली की टोकाला आतून काळी पडते आणि पेटत राहिली तरी उजेड कमी देते. झाडाला ते कळतं, माणसाला कळत नाही. एका ट्यूबचं टोक मला करडं वाटलं.

"ही वापरलेली आहे," मी म्हटलं.

"अहो मॅडम, धूळ आहे ती."

"पुसा मग."

त्यानं पुसली. धूळच होती. तरी मी दुसरी घेतली. एक पिवळसर उजेडाची आणि एक निळसर पांढरी, असा त्यानं जोड सुचवला. मी नको म्हटलं. मी वाचलं होतं की पिवळसर उजेड फुलांसाठी बरा, आणि निळसर पांढरा पानांसाठी. घटाला कुठं फुलं यायची होती? दोन्ही निळसर पांढऱ्याच द्या, म्हटलं. निळसर उजेडाखाली रोप भरदार, हिरवंगार आणि ठेंगणं राहतं, असं तिथं लिहिलं होतं. ठेंगणं हा शब्द मी वाचला होता. वाचून पुढं गेले होते.

ट्यूब बसवायच्या पट्ट्याही मी जुन्या पद्धतीच्या घेतल्या, जड चोकच्या आणि डबीसारख्या गोल पांढऱ्या स्टार्टरच्या; तो काढला की ट्यूब पेटत नाही. नवीन हलक्या पट्ट्यांत आत काय भरलंय ते दिसत नाही. चोक कसा, लागला की गरम होतो, गुणगुणतो, आपण चालू आहोत हे सांगतो.

माती घ्यायला गेले तिथंही तेच. बाजाराबाहेर पोत्यात काळी माती विकणारी बाई होती. मी मूठभर घेऊन हुंगली. वारा फिरला की कांजूरच्या कचरा डेपोचा वास आमच्या बाजूला येतो, आणि तिथलीच माती चाळून विकत नसतील कशावरून? बाईनं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ताई, माती हुंगतात का? गुलाब आहे का तो?" मी घेतली तरी, आणि घरी आणून दोनदा चाळली.

घट स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, माळ्याखाली बसायचा होता. माळ्याला हूक मारून मी दोन्ही पट्ट्या साखळीनं टांगल्या, मधे कलशाला जागा सोडून एक अलीकडे आणि एक पलीकडे. साखळी एवढ्यासाठी, की रोप वाढेल तशी पट्टी वर घेता यावी. फार वर उजेड वाया जातो, फार खाली पान भाजतं. ट्यूबखाली हात धरून ऊब बघितली आणि बेतानं सोडल्या. आई दारात उभी राहून बघत होती.

"ह्या कित्याक?" तिनं विचारलं.

"रुजवणीला. ऊन नाही ना इथं."

तिनं तोंड उघडलं आणि मिटलं. समई पुसायला गेली. काहीतरी बोलायचं होतं तिला, हे मला दिसलं, आणि मी ते मनात नोंदवून ठेवलं. प्रयत्न करतेय ते तिला आवडलेलं नाही. जायचंय हिला.

घट बसला. आईनं सोवळ्यात माती पसरली, धान्य पेरलं, कलश ठेवला, नारळ ठेवला, पहिली माळ वाहिली. समई कोपऱ्यापासून जरा अलीकडे, पाटावर. मी रोज सकाळी कामाला जाताना ट्यूब लावायची आणि झोपताना बंद करायची. आमच्या शेजारचे काका गाडी काढताना खिडकीतून डोकावून म्हणाले, "काय गं, दिवसभर ट्यूब? आत शूटिंग आहे का?"

धान्य रुजलं. आणि काय रुजलं! जाड, ताठ, पोपटाच्या पंखासारखा हिरवा रंग. एक अंकुर वाकलेला नाही की एक पिवळा नाही. मी रोज संध्याकाळी चपला काढायच्या आत आधी तिकडं जायची. कारखान्यात असा माल आला असता तर मी बिनशर्त पास केला असता. आईला म्हटलं, "बघ, झकास आलीय की नाही?"

"हां," आई म्हणाली. "बरी आसा." आणि समईत तेल घातलं.

एवढंच? माझ्या मनात पाल चुकचुकली. रुजवण चांगली आली म्हणून हिचा चेहरा उतरलाय. अट पुरी होतेय आणि हिला ती पुरी व्हायला नकोय. मी आतून थोडी रडवेली झाले, आणि रडवेली झाले की मी चिडते. त्या दिवशी आमटी खारट झाली असं उगाचच बोलले.

पाचव्या माळेला दादा आणि वहिनी दर्शनाला आले. वहिनी चांगली बाई आहे, हे मला मान्य आहे. इतकी वर्षं तिनं आईचं केलं, हेही मान्य आहे. पण तिचं गोड बोलणं मला नेहमी एकदा गाळून घ्यावंसं वाटतं. ती घटापुढे वाकली, हळदकुंकू वाहिलं, आणि मग म्हणाली, "अगं बाई. हिरवीगार आहे, पण बुटकी राहिली गं."

"बुटकी?"

"आमच्याकडे पाचव्या माळेला केवढी होती गेल्या वर्षी. पिवळीधमक, अशी उंच! देवघराचं दार मी लावूनच ठेवायची ना."

दादानं माझ्याकडे बघितलं. आई घटाकडे बघत होती.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि तो कुठल्याही ट्यूबपेक्षा लख्ख होता. गावच्या घरातली देवाची खोली मला आठवली, भर दुपारी हात धरून आत न्यावं लागायचं अशी. चाळीतला कोनाडा आठवला. रुजवण सगळीकडे अंधारात वाढली होती आणि उजेड शोधत लांब, पिवळी, वीतभर झाली होती. जिला आम्ही प्रसन्न देवीची खूण म्हणत होतो, ती माझ्या आइस्क्रीमच्या डब्यातली उपाशी कोथिंबीर होती. आणि मी, शहाणी, दोन-दोन ट्यूब लावून तिला पोटभर खाऊ घालत होते. तिला लांबायचं काही कारणच उरलं नव्हतं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती.

आता काय करायचं? ट्यूब काढली तर आईला काय सांगायचं? माझी अक्कल कुठं गेली होती हे सांगायचं, की तू राहावीस म्हणून मी देवीला फसवतेय हे सांगायचं? मी काहीच ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सवयीनं ट्यूब लावून कामाला गेले.

संध्याकाळी परत आले तर ट्यूब चालू होत्या. मी साखळी सारखी करायला हात वर केला आणि चोकला हात लागला. गार होता. दिवसभर चालू असलेला चोक हाताला चटका देईल असा तापतो. हा नुकताच लागलेला होता.

म्हणजे दिवसभर ट्यूब बंद होत्या, आणि माझी यायची वेळ झाली तशा लावल्या होत्या. घरात आई एकटी होती.

मी आईला विचारलं, "लाइट गेली होती का दुपारी?"

"नाय गो," आई म्हणाली. "कित्याक?"

खोटंही नीट बोलता येत नाही हिला, मला वाटलं. ताकास तूर लागू न देणारी माझी आई, आणि चोकनं पकडली गेली. मला आता संशय उरला नव्हता. रुजवण बुटकी राहिलीय, ती आणखी खुंटावी म्हणून ही दिवसा उजेड बंद करतेय; अंधारात ती उलट लांबते हे हिला कुठं ठाऊक? हिला जायचंय. हिला दादाकडे जायचंय आणि ते देवीच्या तोंडून वदवायचंय. मी जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून पडून राहिले. आईनं कपाळाला बाम चोळला आणि मी डोळे मिटून घेतले, कारण उघडे ठेवले असते तर भांडण झालं असतं.

सकाळी घटाजवळ वाकून बघितलं. टोकं हिरवीच होती. पण खाली, मातीलगत, बोटाच्या पेराएवढा नवा भाग आला होता आणि तो फिका, पिवळट होता. अंकुर वाढत होता, आणि एका दिवसात बराच. मला ते दिसलं, पण मी रागात होते, आणि रागात माणूस आपल्याला हवं तेच तपासतो.

त्या दिवशी दुपारी मी अर्धी सुटी टाकली. घरी येताना सोसायटीच्या जिन्यापाशी चपला काढून हातात घेतल्या, स्वतःच्याच घरात चोरासारखी. लॅच हळूच फिरवलं. आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं आणि स्वयंपाकघरात ती दाराकडे पाठ करून बसली होती.

ट्यूब बंद होत्या. घटाभोवती तिनं घरातले सगळे पाट उभे करून भिंत केली होती, नारळापेक्षा उंच, कुठंही घटाला धक्का न लावता. माळ उचलून वर हुकाला अडकवली होती. पाटांवरून तिचं जुनं गर्द लुगडं घातलं होतं, दुहेरी करून, कुठूनही उजेडाची तिरीप आत जाऊ नये असं. समई लांब सरकवलेली. खिडकीलाही चादर. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली बाई हे सगळं मांडत होती, आणि मी यायच्या आत आवरत होती.

आणि ती त्या लुगड्याच्या तंबूशी बोलत होती. मोठ्यानं, बहिरी माणसं बोलतात तसं.

"वाढ गो बाये माजे," ती म्हणत होती. "चेडवान उजेड घातल्यान, तिका काय ठावक? तिच्यावर राग धरू नको. तू वाढ. माका हयच रवाक होया."

मला इथंच राहायचंय.

मी दार ओढून घेतलं आणि बाहेर आले. टॉवरच्या त्या मेल्या भिंतीपाशी आमच्या सोसायटीचं एक सिमेंटचं बाकडं आहे, तिथं बसले. चपला हातातच होत्या. मला रडू आलं, आणि चांगलं जोरात आलं. शेजारचे काका स्कूटर लावत होते. त्यांनी विचारलं, "काय झालं गं? आई बरी आहे ना?" बरी आहे, म्हटलं. बरी आहे हो काका, अगदी बरी आहे.

नेहमीच्या वेळेपर्यंत मी तिथंच बसून राहिले. मग मुद्दाम बेल वाजवली आणि चपलांचा आवाज केला. आत ट्यूब लागलेल्या होत्या, पाट भिंतीशी होते, माळ घटावर होती. आई भाजी निवडत होती. तिला धाप लागली होती.

तिला धावपळ पडू नये, एवढंच मला कळत होतं. ती बाथरूमला गेल्यावर मी दोन्ही पट्ट्यांचे स्टार्टर फिरवून काढले आणि पर्समध्ये टाकले. ती बाहेर आली तेव्हा बटण खालीवर करून दाखवलं.

"बिघडल्या," मी म्हटलं. "दोन्ही. फसवलं बघ दुकानदारानं."

"अगे देवा," आई म्हणाली. "आतापावत तर बऱ्या होत्यो." मग घटाकडे बघून म्हणाली, "जावंदे. देवीची इच्छा." आणि त्या संध्याकाळी तिनं शेवयांची खीर केली, काही कारण नसताना.

पुढचे दिवस अंधाराचे होते. मी खिडकीवर स्वतःहून चादर लावली, येणारेजाणारे डोकावतात अशी सबब सांगून. आईनं चादरीचं सुटलेलं टोक खोचून दिलं. रुजवण वाढत होती. वर हिरवी टोकं, खाली पिवळा लांबडा दांडा, अशी विचित्र दोन रंगी. पण दिवस थोडे राहिले होते, आणि सुरुवातीचे माझ्या ट्यूबनं खाल्ले होते.

दसऱ्याला दादा आणि वहिनी आले. दादानं टॅक्सी बाहेर थांबवून ठेवली होती, हे मला आवडलं नाही. आपट्याची पानं दिली-घेतली, पाया पडून झालं. आईनं घट हलवला आणि रुजवण उपटण्याआधी सगळे तिच्याभोवती उभे राहिले. आईची पिशवी भरलेली नव्हती. पण आत ठेवलेलीही नव्हती, दाराजवळ घडी करून ठेवलेली होती.

वहिनीनं वाकून आपला हात उभा धरला, अंगठा मातीला टेकवून करंगळी वर. लांब बोटांची आहे ती. टोकं तिच्या करंगळीच्या बरीच खाली राहिली.

"वीतभर नाही आली," ती म्हणाली. दुष्टपणानं नाही. जे होतं ते म्हणाली.

दादा खाकरला. "मग आई..."

"तुजी वीत कित्याक?" आई म्हणाली. "घट जेणी बसवलो, तिचीच वीत धरतत."

हा नियम मी जन्मात ऐकला नव्हता. दादानंही नसावा, कारण तो वहिनीकडे बघायला लागला. आई खाली बसली, गुडघा सांभाळत, आणि तिनं आपला हात रुजवणीला लावला. बोटं वाकलेली, पंजा अर्धा मिटलेला, म्हातारीचा संधिवाताचा हात. हिरवी टोकं तिच्या करंगळीच्या वर आली. थोडीशीच, पण वर.

आता आईला संधिवात आहे, हे खरं आहे. पण त्याच सकाळी त्याच हाताचा पंजा पुरता फाकवून तिनं वड्यांच्या पिठाची परात एका हातानं उचलली होती, ती मी बघितली होती. दादानं माझ्याकडे बघितलं. तपासणी विभागातली बहीण, कोणाची वीत किती हे सांगायला माझ्याइतकं लायक त्या खोलीत कोणी नव्हतं. आईसुद्धा माझ्याकडे बघत होती. हात तसाच धरून, वर मान करून, लहान मुलीसारखी.

"भरली वीत," मी म्हटलं.

"देवीक घर मानवला," आई म्हणाली, आणि पटकन सगळी रुजवण उपटून टाकली.

दादाच्या खिशात तिनं एक जुडी खोवली, वहिनीच्या वेणीत एक. वहिनीनं वाकून नमस्कार केला आणि मग आईच्या पाठीवरून हात फिरवला, नुसता. तिला सगळं कळलं होतं असं मला वाटतं. दादा थोडा वेळ बसला, वडे खाल्ले, आणि टॅक्सीवाला हॉर्न वाजवायला लागल्यावर एकटाच, म्हणजे वहिनीबरोबर, बाहेर गेला. जाताना त्यानं माझ्या डोक्यावर टपली मारली. लहानपणी मारायचा तशी.

दार लावून मी आत आले. आई मोकळ्या झालेल्या कोपऱ्यात माती गोळा करत होती. माझ्या केसांत रुजवण खोवायची राहिली होती, ती तिनं आता खोवली. मग माती हातात घेऊन चोळली आणि डोकं वर करून टांगलेल्या पट्ट्यांकडे बघितलं.

"माती बरी आसा," ती म्हणाली. "टाकूची नाय. कोथमीर घालूया हेच्यात. तिका उजेड होयो."

"ट्यूब बिघडल्यात ना गं."

"तुज्या पर्शीत ते दोन पांढरे डबे आसत," आई म्हणाली, "ते लाव परत."

मी पर्स आणायला गेले.